मिश्रीचा नमुना

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईनं लपवलं. सोलापूरच्या नातेशोध केंद्रात मी एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होते आणि त्या एकोणीस वर्षांत माझी बोलणी न खाल्लेला माणूस त्या इमारतीत शोधून सापडायचा नाही. संचालक धरून. हातमोजे न बदलता दुसऱ्या नळीला हात लावला की मी बोलणार, फ्रीजचं दार किलकिलं राहिलं की मी बोलणार. "हत्तुरे मॅडम आल्या" असं दारातून कुणी पुटपुटलं की आतली मंडळी सरळ बसायची. मला ते ऐकू यायचं, आणि खरं सांगू का, आवडायचं.

नाव महानंदा. वय त्रेपन्न. लग्न झालं नाही. तीन स्थळं आली होती, तिन्ही तुझ्या जिभेनं पळवलीस असं आई म्हणायची. आई गेली, मग बाबा गेले, त्यालाही सहा वर्षं झाली. मी एकुलती एक. जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. संध्याकाळी कुलूप काढून आत शिरले की दुसऱ्या दिवशी वॉचमनला "पाणी सोडलं का ओ?" म्हणेपर्यंत माझ्या तोंडातून एक शब्द निघायचा नाही. शनिवारी दुपारी केंद्र बंद झालं की थेट सोमवारी सकाळी. लोकांना माझ्या बोलण्याचा त्रास व्हायचा, पण दिवसभरात मला बोलायला मिळायचं ते तेवढंच.

केंद्राचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. राज्यात भूकंप, पूर, दरडी यांत ज्यांची माणसं हरवली, ते आमच्या शोध-यादीत. आणि ज्यांना पोरवयात कुठूनतरी उचलून आणलं, नाव-गाव काही कळलं नाही, जे आश्रमात वाढले, तेही त्याच यादीत. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, नळीत घालायचा, आमच्याकडे पाठवायचा. बोळ्याला चिकटलेल्या पेशींमधून आम्ही डीएनए काढायचो. माणसामाणसांचा डीएनए जवळजवळ सारखाच असतो, पण काही लाख ठिकाणं अशी असतात की तिथे फरक सापडतो. ती ठिकाणं जुळवून बघायची. आईचं आणि लेकराचं निम्मं जुळतं. बाप एक आणि आया वेगळ्या अशा बहिणींचं पाव जुळतं. परक्यांचं जवळपास काही नाही.

आधीच्या यंत्रांना हजारो पेशी लागायच्या. मग कोकणातल्या एका गरम पाण्याच्या कुंडातल्या जिवाणूत एक एन्झाइम सापडलं. डीएनएच्या प्रती काढायचं काम करणारं, पण इतकं चिवट आणि इतकं बिनचूक, की दहा-बारा पेशी मिळाल्या तरी पूर्ण वाचन हातात. त्याच्यावर चालणाऱ्या आमच्या यंत्राचं नाव कणवाची. नमुना कमजोर असला तर कणवाची आपणहून प्रती वाढवत राहतं, वाचता येईपर्यंत. चांगलं आहे, पण त्याची एक गोम आहे. नळीजवळ कुणी शिंकलं, बोलताना थुंकीचा कण उडाला, तर त्यातल्या पेशीही ते तितक्याच प्रेमानं वाचतं. त्याला कुठं माहीत की नमुना कुणाचा आणि थुंकी कुणाची!

म्हणून दोन बंदोबस्त होते. एक म्हणजे कोरी नळी. प्रत्येक घाण्याबरोबर, म्हणजे एका वेळी लावलेल्या सगळ्या नमुन्यांबरोबर, एक नळी नुसत्या पाण्याची चालवायची. पाण्यात डीएनए दिसला तर काहीतरी बाहेरून पडलंय, सगळा घाणा फेकून द्यायचा. दुसरा बंदोबस्त वगळ-यादी. आम्हा कर्मचाऱ्यांचे डीएनए त्या यादीत. कुठल्या नमुन्यात आमच्यापैकी कुणाची खूण दिसली की संगणक तो नमुना तिथल्या तिथे बाद करायचा.

मागच्या माघात माझं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात फॉर्म भरायचा होता. जवळचे नातेवाईक या रकान्यात मी लिहिलं, आफरीन शेख. आफरीन माझी ज्युनिअर, सत्तावीस वर्षांची. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नातं?" मी म्हटलं, "सहकारी." तर ती म्हणते, "नातेवाईक लिहा ना मॅडम. कुणीतरी असेलच की." मी तिला काय बोलले ते इथे सांगत नाही. पण खोलीत जाऊन पडल्यावर मला रडू आलं, आणि मला स्वतःच्या रडण्याचा भयंकर राग आला.

कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वगळ-यादीतून माझं नाव काढलं आणि शोध-यादीत टाकलं. कुणाला विचारलं नाही. जगात कुठेतरी चुलतबिलत, लांबचं, कुणीतरी निघेल, एवढंच मनात होतं. नियम मला तोंडपाठ होता, त्यातला निम्मा मीच लिहिलेला. तरी केलं.

चैत्रात औशाच्या शिबिराचे नमुने आले. त्यातला एक बोळा काळाकुट्ट. मिश्री! तव्यावर तंबाखू जाळून केलेली पूड. आमच्याकडच्या बायका दात घासायला म्हणून सुरू करतात आणि मग दिवसातून पाचदा लावतात. ती पूड नळीत उतरली की एन्झाइमचं कामच बंद पडतं. म्हणून शिबिरात आधी तीन चुळा भरायला लावायच्या असतात. शिबिर आफरीननं घेतलेलं. मी उघडी नळी हातात धरूनच तिला हाक मारली, मास्क हनुवटीवर ओढला आणि सुरू झाले.

"आफरीन, हे काय आणलंस? बोळा आहे का चुलीतलं पोतेरं? चुळा भरायला सांगायची तसदी कोण घेणार, मी येऊ का औशाला?"

"सांगितलं होतं मॅडम. त्या बाई म्हणाल्या, भरल्यात."

"त्या म्हणाल्या आणि तू ऐकलंस! डोळे कुठं होते?"

दोन-तीन मिनिटं चाललं असेल. पोरीचे डोळे भरले, ती गेली. मी तो नमुना स्वतः हातानं धुतला, दहापट पातळ केला आणि एकटाच यंत्रात लावला. माझा हात चांगला आहे, धुतलेले नमुने मला जमतात, याची मला घमेंड होती. एका नळीसाठी कुठं कोरी नळी लावत बसा, असं म्हटलं आणि लावली नाही. तेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला उभा जाळला असता.

तिसऱ्या दिवशी, औशाचे सगळे नमुने वाचून झाल्यावर, पडद्यावर जुळणी आली; नुसती नावं, नळीचा नंबर नाही. महानंदा हत्तुरे आणि वैजंता सगर, राहणार औसा, वय अंदाजे अठ्ठेचाळीस. चोवीस पूर्णांक सहा टक्के. एका पालकाकडून भावंड असण्याची शक्यता.

मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. पहिलं काय आलं मनात? बाबा! माझे बाबा सोलापुरी चादरी घेऊन औसा, किल्लारी, उमरगा असे आठ-आठ दिवस फिरायचे. आई मागं चिडायची की गिऱ्हाईकं घरापेक्षा जवळची. आणि ही वैजंता म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, त्र्याण्णवच्या भूकंपात ढिगाऱ्यातून काढलेलं आठ महिन्यांचं लेकरू, कुठल्या गावातून आणलं याची नोंदसुद्धा कुणी केली नव्हती. सगळं कसं फिट्ट बसलं. शहाण्या बाईला धक्का बसला असता, लाज वाटली असती. मी घरी जाऊन बाबांच्या फोटोपुढं उभी राहिले आणि म्हटलं, "काय हो बाबा, हे काय उद्योग!" आणि हसले. कितीतरी वर्षांनी त्या घरात कुणीतरी मोठ्यानं हसलं. मोठ्या खुशीत मी माझ्या बापाला बाहेरख्याली ठरवून टाकलं.

आफरीननं मात्र विचारलं. "मॅडम, तुमचं नाव शोध-यादीत कसं काय आलं?"

"मी घातलं. तुझी काही हरकत?"

"नाही, तसं नाही. तुकड्यांची फाइल बघू का एकदा? नुसत्या टक्क्यांवर–"

"तुझं काम झालंय का सगळं? मग ते कर."

ती आपल्या टेबलाकडे गेली. माझ्यापुढून सगळे जायचे तशी.

वैजंताला भेटायला मी औशाला गेले. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. नवरा वारलाय, मुलगा पुण्यात कंपनीत. लहानखुरी, सावळी, भरभर चालणारी बाई. मला बघून तिनं आधी हात पुसले, मग तोंड पुसलं, मग परत हात पुसले. "मॅडम, बसा की," म्हणाली आणि स्वतः उभीच राहिली. मग एकदम विचारलं, "माझा बाप कसा होता ओ?"

आता काय काय सांगू! दाढी करताना शीळ घालायचे. बुटाला पॉलिश केल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. लसणाची चटणी नसली तर भाकरीला हात लावायचे नाहीत.

"मला बी लसूण लई लागतो," ती म्हणाली.

बघा! मला वाटलं, पुरावाच मिळाला. लातूर जिल्ह्यात लसूण न खाणारं माणूस दाखवा मला. पण त्या दिवशी तिच्या अंगठ्याचं नख, तिची बसायची पद्धत, सगळ्यात मला बाबा दिसत होते. निघताना ती म्हणाली, "तुमी थोरल्या. आक्का म्हनू का?"

मी मान हलवली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फोन. खिचडीत आज मीठ जास्त झालं इथपासून ते मुख्याध्यापकाची बायको कशी मिजासखोर आहे इथपर्यंत. मी तिला रागवायचे सुद्धा. दवाखान्यात का गेली नाहीस, गोळ्या का बुडवल्यास. ती नुसती हसायची. "रागवा आक्का, रागवा. मला कुनी रागवलंच न्हाई." माझं बोलणं कुणाला गोड लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एकदा ती म्हणाली, "सासरी भांडन झालं की बाया म्हायेरी जाऊन बसतात. मी हिरीवर जाऊन बसायचे. लोकांला वाटायचं आता उडी टाकती. मी म्हनायचे, अवो, बसायला दुसरी जागा न्हाई म्हून बसले."

आषाढात ती दोन दिवस माझ्याकडे आली. दुपारी जेवण झालं. मी भांडी विसळत होते, ती गॅलरीत भिंतीला टेकून बसली. कमरेची पिशवी काढली, डबी उघडली, बोटावर काळी पूड घेतली आणि हिरड्यांना लावली.

माझ्या हातातलं ताट सिंकमध्ये पडलं.

"मिश्री लावतेस होय?" मी विचारलं.

"सवय हाय बगा. सोडीन म्हनते, सुटत न्हाई."

"शिबिरात... तिथं चुळा भरल्या होत्यास का गं?"

ती लाजली. "भरल्या की त्या पोरीनं सांगितल्यावर. पर मग लाइनीत लई येळ गेला, म्हून उलीशी परत लावली. का ओ, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी केंद्रावर गेले. हातानं लिहायच्या वहीत बघितलं. काळ्या बोळ्याचा नंबर आणि वैजंता सगरचा नंबर, एकच. मग मी ती तुकड्यांची फाइल उघडली, जी आफरीन उघडू का म्हणत होती.

नुसते टक्के फसवतात, याचं कारण असं. आई-बाप लेकरांना डीएनए देतात ते लांबलचक तुकड्यांनी. त्यामुळे खऱ्या बहिणींचा आलेख काढला तर सलग पट्टे जुळलेले दिसतात, मधेच लांब कोरी जागा, मग परत सलग पट्टा. त्यातही एका बापाच्या दोन मुली असल्या तर बापाकडचं एक्स गुणसूत्र दोघींना अख्खं तेच मिळतं, कारण बापाकडे ते एकच असतं. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळायलाच पाहिजे. आणि दोन माणसांचा डीएनए एका नळीत मिसळला असेल तर? मग सलग पट्टा कुठेच नाही. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापल्यासारखं, सगळीकडे थोडं थोडं.

माझ्यापुढं तीळच होते. एक्सवर सुद्धा तीळ.

मिश्रीनं वैजंताच्या पेशींतलं काम अडवलं. यंत्रानं प्रती वाढवत नेल्या, आणि नळीत जे दुसरं होतं तेही वाढवलं. मी आफरीनवर तोंडसुख घेत असताना उडालेली माझीच थुंकी. नळीत पाऊण ती आणि पाव मी, तेच पाव टक्केवारीत उतरलं आणि यंत्रानं त्याला बहीण म्हटलं. माझं नाव वगळ-यादीत असतं तर तो नमुना एका सेकंदात बाद झाला असता.

माझ्या बापानं काही केलं नव्हतं. गरीब माणूस चादरी विकत होता.

करायचं काय ते स्पष्ट होतं. वैजंताचा नवा नमुना घ्यायचा, नीट वाचायचा, शोध-यादीशी लावायचा. कारण बहीण सापडली म्हणून तिची फाइल बंद झाली होती. तिचं खरं माणूस यादीत असलं तरी आता जुळणार नव्हतं, तिच्या नावावरच्या डीएनएत माझा मिसळलेला होता. आणि भूकंपाच्या यादीत उरलेली माणसं सगळी सत्तरीच्या पुढची. दर महिन्याला दोन-चार नावांपुढे आम्ही निधन असं लिहीत होतो. हे माझ्याइतकं त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी सातला फोन वाजला.

"आक्का, पंचमीला आठ दिस राह्यले. येऊ ना?" तिनं विचारलं. "न्हाई, तुमी म्हनला होता म्हून. पन्नाशी आली माझी, म्हायेरची पंचमी ठाव न्हाई. समद्या पोरी जायच्या, मी आश्रमात लाह्या खायचे."

सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "ये. कासारणीला पण बोलावते."

अठ्ठेचाळीस वर्षं गेली, आठ दिवसांनी काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. तिला एक पंचमी मिळू दे, असंही सांगितलं. खोटं होतं ते. मला पंचमी पाहिजे होती. मला दार उघडून कुणालातरी आत घ्यायचं होतं.

पंचमी कशी झाली विचारता? माझ्या आयुष्यातला तेवढा चांगला दिवस दुसरा नाही. वॉचमनच्या मागं लागून पार्किंगमधल्या लिंबाला झोका बांधून घेतला. आदल्या दिवशी कासारीण येऊन दोघींच्या हातांत हिरव्या बांगड्या भरून गेली. पंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडले. माझे फुटले, तिचे नाही. तिला मी जांभळी इरकल घेतली होती. ती नेसली आणि पाळीपाळीनं आम्ही दोघी झोक्यावर बसलो, त्रेपन्न आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या. सोसायटीतली पोरं हसत होती. "जोरात द्या की आक्का, भिताव का!" ती ओरडत होती. मी सगळं विसरले होते असं म्हणणार नाही. विसरले नव्हते. तरी सुखात होते.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मी तिला तीनदा चुळा भरायला लावल्या, समोर उभी राहून. मास्क लावून, श्वास रोखून तिच्या गालातून बोळा फिरवला. "वर्षाची तपासणी असते," असं सांगितलं. तिनं विचारलंही नाही कसली ते. एस.टी.त बसवून दिलं, तिनं खिडकीतून हात हलवला, बांगड्या वाजल्या.

नळी मी केंद्रावर फ्रीझरमध्ये ठेवली. सोमवारी लावू म्हटलं. सोमवारी ऑडिटची माणसं होती. बुधवारी यंत्र मोकळं होतं, मी लावली नाही. संध्याकाळी सातला फोन यायचा आणि मी उचलायचे. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी आफरीननं फ्रीझर साफ करायला काढला. "मॅडम, ही नळी कुणाची? यादीत नाही. तारीख पंचमीच्या दुसऱ्या दिवशीची आहे."

मी तिला सगळं सांगितलं, काळ्या बोळ्यापासून. तिनं मधे एकदाही टोकलं नाही. मला वाटलं आता ही मला फाडून खाईल, तिचा हक्कच होता. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा मॅडम. मी लावते." आणि शेजारच्या खोलीत जाऊन तिनं ती नळी लावली. दोन कोऱ्या नळ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कोऱ्या नळ्या स्वच्छ. वैजंता सगर आणि महानंदा हत्तुरे, काही संबंध नाही. वैजंता सगर आणि केवळाबाई बिराजदार, वय सत्त्याहत्तर, भूकंपानंतर वसवलेलं गाव, तालुका उमरगा. पन्नास टक्के. आई. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पट्टे. असा सुंदर आलेख मी फार दिवसांनी बघत होते. औसा आणि ते गाव यांच्यात मोजून दीड तासाचं अंतर आहे.

फोन आफरीननं लावला. स्पीकरवर. कुणी पुरुष बोलला, केवळाबाईंचा भाचा. आफरीननं केंद्राचं नाव सांगितलं आणि केवळाबाईंशी बोलता येईल का विचारलं.

"मावशी गेली की ओ," तो म्हणाला. "आज चौथा दिवस. मागल्या आठवड्यात चांगली जेवत होती. का, सापडली का तिची पोरगी?"

आफरीननं माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये म्हणाली, "हो. सापडली."

मी बोटांवर दिवस मोजले. मोजायची गरज नव्हती. पंचमीनंतर नऊ दिवस ती बाई जगली होती. मला पंचमीच्याही आठ दिवस आधी कळलं होतं, आणि स्वच्छ नमुना असला की यंत्राला एक दिवस पुरतो.

औशाला मी एकटी गेले. हे फोनवर सांगायचं नव्हतं. शाळा सुटली होती, वैजंता मोठं पातेलं घासत होती. मला बघून उजळली. "आक्का! न सांगता? थांबा, च्या ठेवते."

"चहा नको. बस तू," मी म्हटलं.

आणि सांगितलं. मिश्री, नळी, माझी थुंकी, यादी. तिला कळेल अशा शब्दांत, काही न वगळता. बाबांचं सांगितलं, की त्यांचा यात काही संबंध नव्हता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. राख लागलेले हात तिनं पुसलेसुद्धा नाहीत.

"म्हंजे तुमी माझ्या कुनी न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"आन् माझी आई होती."

"होती. केवळाबाई नाव. उमरग्याजवळ राहायची. पाच दिवसांपूर्वी गेली. तुला शोधायला तिनं नमुना दिला होता, पहिल्याच शिबिरात."

पातेल्याकडे बघत ती म्हणाली, "मी तिच्यासारखी दिसते का ओ?"

"मी बघितलं नाही तिला. भाच्याकडे फोटो असेल."

"तुमाला हे कवा कळलं?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हटलं असतं तर तिला खरंच वाटलं असतं, आणि आफरीन कधी बोलली नसती. मला फार वाटलं तसं म्हणावं. सातचा फोन कदाचित येत राहिला असता.

"पंचमीच्या आधी आठ दिवस," मी म्हटलं.

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. हळूहळू, दोनदा.

"पंचमीला ती जित्ती होती?"

"होती."

"मग मी पंचमीला तुमच्या घरी काय करत होते, मॅडम?"